मळ्यातला माळा

पत्रलेखिका ६१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पती ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तीस वर्षं दोघं फोंड्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. एकुलती एक मुलगी बंगळुरूला. लेखिकेचं बालपण, म्हणजे १९७७ पर्यंतची तेरा वर्षं, पणजीच्या मळा ह्या जुन्या वस्तीत एका दुमजली जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. वडील सचिवालयात कारकून होते. ते घर आता आतून नवं करून त्यात सहा ‘हेरिटेज लॉफ्ट’ काढले आहेत, आणि त्यांतला एक नेमका त्या दोन खोल्यांच्या जागी आहे. तो घ्यायचा तर फोंड्याचा फ्लॅट विकायला हवा, निवृत्तीचे बहुतेक पैसे घालायला हवेत आणि वर मुलीच्या नावावर थोडं कर्ज. पती म्हणतात, “ह्या वयात लाकडी जिना कोण चढणार?” मुलगी म्हणते, “भाडेकरूंना बाहेर काढून झालेली जागा आहे ती. तिथं तू कशी राहशील?” लेखिका विचारतात, “आमचं घर परत मिळवायची अशी संधी पुन्हा येणार नाही. ह्यांना कसं पटवू?” पत्राखाली सही आहे, मळ्याची लेक.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘आमचं घर’ हे शब्द त्यात नऊ वेळा आले आहेत. ‘भाडं’ एकदाच, तेही कंसात: ‘भाडं तेव्हा ४० रुपये होतं’. आणि तिसऱ्या पानावर, जणू सहज आठवलं म्हणून, तुम्ही लिहिलंय की चवथीला मालकीणबाई तक्तपोशीला, म्हणजे खोलीच्या फळ्यांच्या छताला, हूक मारू द्यायच्या नाहीत, म्हणून बाबा दोन खुर्च्यांच्या पाठींवर बांबू आडवा टाकून त्याला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचे. गणपतीच्या डोक्यावर यायला हवी ती माटोळी त्याच्या कानाशी लोंबायची, आणि पाहुणे आले की बाबा स्वतःच विनोद करायचे.

मला वाटतं तुमचं सगळं पत्र त्या बांबूवर टांगलेलं आहे.

म्हणून ‘ह्यांना कसं पटवू’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. तुम्ही ‘परत मिळवायचं’ म्हणता, पण ते घर तुमच्याकडून गेलेलं नाही, कारण तुमचं ते नव्हतंच. तुमच्या वडिलांनी तेरा वर्षं महिन्याच्या पाच तारखेला खाली जाऊन भाडं दिलं आणि बदली झाली तेव्हा किल्ली परत केली. त्यात कमीपणाचं काही नाही. गोवामुक्तीनंतरच्या त्या दशकांत गावोगावहून पणजीत नोकरीला आलेली निम्मी माणसं अशीच राहिली. पण आता त्या घराची मालकीण होणं म्हणजे त्या बांबूची भरपाई, असं कुठेतरी तुमच्या मनात असेल तर ते नवऱ्याला पटवण्याआधी स्वतःला सांगून टाका. वाईट कारण आहे असं मी म्हणत नाही. घरं ह्याहून कितीतरी फुसक्या कारणांनी घेतली जातात. फक्त ह्या कारणासाठी किती मोजायचं, ते कारण समोर मांडल्याशिवाय ठरत नाही.

ह्या निमित्ताने सांगते, जुन्या घरांतले असे नवे फ्लॅट घ्यावेत का अशी विचारणा करणारी पत्रं हल्ली बरीच येतात. मडगावहून, म्हापशाहून, एक तर मस्कतहून आलं. त्यामुळे पुढचं बरंचसं त्या सगळ्यांनाही आहे.

आधी ‘लॉफ्ट’ ह्या शब्दाचं बघू, कारण किमतीचा बराच भाग त्या शब्दाचा आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव लोखंडाच्या इमारती होत्या, कारखान्यांच्या आणि गोदामांच्या. धंदे उठून गेले, मजले ओस पडले, आणि १९६०च्या दशकात चित्रकार-शिल्पकार तिथं राहायला गेले, कारण जागा अवाढव्य आणि भाडं किरकोळ. बरेचसे बेकायदाच राहायचे. त्यांना संरक्षण देणारा लॉफ्ट कायदा १९८२ साली आला. यंत्रांचं वजन पेलणारी जमीन, उंच छत, भिंतभर खिडक्या, मधे आडभिंत नाही, हा त्या जागेचा मूळ स्वभाव. गरजूंची ती सोय पुढे पैसेवाल्यांची हौस झाली.

मळ्यातल्या घरात यंत्रं नव्हती. माणसं होती आणि वर माळा होता. आपल्या माळ्यावर सोललेले नारळ, पितळेची मोठी भांडी, चवथीचा पाट आणि मांजरीची पिल्लं. तिथं झोपायला कोणी जात नसे. एप्रिलात वर नुसतं डोकं घातलं तरी भट्टीत घातल्यासारखं व्हायचं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रात जिथं ‘मास्टर बेडरूम’ दाखवली आहे ती जागा, आराखडा नीट बघा, तुमच्या लहानपणीच्या तक्तपोशीच्या वरची आहे.

ती तक्तपोशी नुसती शोभेला नव्हती. नळे, म्हणजे छपरावरची कौलं, तापायचे, त्यांच्याखालची हवा तापायची, आणि ती गरम हवा फळ्यांच्या वर अडकून नळ्यांच्या फटींतून बाहेर जायची. खाली खोलीत पंखा पुरायचा. आता वासे उघडे दिसावेत म्हणून ती तक्तपोशी काढली, आणि छायाचित्रात ते दिसतंही फार सुंदर. पण आता सगळी उंची एकच खोली झाली, गरम हवा वर जाते आणि वरच तुमचा पलंग. नळ्यांखाली त्यांनी काय घातलं आहे ते विचारा. उष्णता अडवणारा थर आहे का, किती जाडीचा, आणि हवा जायला वर वाट ठेवली आहे का. “एसी आहे ना” हे उत्तर ऐकून घेऊ नका. अठरा फूट उंचीची खोली थंड करायचं बिल दर महिन्याला येतं. शक्य असेल तर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, एसी बंद ठेवायला सांगून वर जाऊन दहा मिनिटं बसा. विकणारे नेहमी सकाळी दहाला बोलावतात.

त्या वरच्या मजल्याबद्दल आणखी एक. महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशात तो आहे का? ऑक्युपन्सीच्या, म्हणजे राहायच्या परवानगीच्या, कागदात आहे का? की तिथं ‘साठवणुकीची जागा’ असं लिहिलंय आणि माहितीपत्रात ‘बेडरूम’? सोहोतल्या चित्रकारांना ह्या भानगडीत वीस वर्षं काढावी लागली, पण ते तेव्हा पंचविशीचे होते.

आता भिंती. जुन्या घराच्या बाहेरच्या चिऱ्याच्या भिंती दोन-दोन फुटांच्या. त्या तुम्हाला प्रिय असणार, खिडकीच्या कोनाड्यात पाय दुमडून तुम्ही पुस्तकं वाचायचात. पण दर चौरस फुटाच्या हिशेबात ह्या जाडीचं काय होतं बघा. आतून ३० बाय २० फुटांची खोली म्हणजे ६०० चौरस फूट. चारी बाजूंनी दोन फुटांची भिंत धरली की तीच ३४ बाय २४ होते, म्हणजे ८१६. दोनशे सोळा चौरस फूट नुसता चिरा! रेरा ह्या बांधकाम प्रकल्पांच्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती चटई क्षेत्रात धरत नाहीत, बाल्कनीही नाही. तेव्हा सांगितलेला आकडा चटईचा आहे की बांधकामाचा, आणि त्यात माळ्याचा मजला मोजला आहे का, हे लेखी घ्या.

आणि रेराचंच बोलतोय तर: केंद्रीय कायद्यात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं नसलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो. तुमच्या घरात सहा लॉफ्ट आहेत. म्हणजे नोंदणी नाही म्हणून कोणी फसवतंय असं नव्हे, पण नोंदणीकृत प्रकल्पात जी संरक्षणं आयती मिळतात, उदाहरणार्थ करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम न घेणं, किंवा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती, ती इथं वकिलाकडून करारात शब्दशः घालून घ्यावी लागतील. छोट्या, देखण्या प्रकल्पांत नेमकं हेच लोक विसरतात. सगळं इतकं घरगुती वाटतं ना.

पाण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिथल्या. तरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मळ्याला लागूनच असलेल्या फोंताइन्हास ह्या वस्तीच्या नावाचा अर्थच लहान झरे. अल्तिनोची टेकडी पाठीशी, समोर ओरेंची खाडी. टेकडीतून पाणी झिरपतं, आणि जोराचा पाऊस व भरती एकाच वेळी आली की खालच्या रस्त्यांवर पाणी तुंबतं. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा असला तर भिंत श्वास घेते, वाळते. घाईने काम उरकणारे वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग लावतात. माझ्या मावशीच्या म्हापशाच्या घरी असंच केलं होतं. पहिल्या वर्षी भिंती आरशासारख्या. तिसऱ्या पावसाळ्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत फुगे आले, मग पोपडे, मग लोणा. मावशी रोज सकाळी तो पांढरा खार झाडूने काढायची आणि रंगाऱ्याला शिव्या द्यायची. रंगाऱ्याचा दोष नव्हता. पुढे सगळं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला तेव्हा थांबलं.

तेव्हा तळमजल्यावर जा, तिथं अजून कोणी राहायला आलेलं नाही म्हणता, आणि भिंतीचे खालचे तीन फूट बघा. बोटांनी ठोका, पोकळ वाजतं का ऐका. कपाटामागे नाक घाला. तुमचा लॉफ्ट वर आहे म्हणून ओल तुमची नाही असं समजू नका. तुमचं वजन त्याच भिंतींवर आहे. वरच्या बाजूला वासे आणि तुळया ज्या ठिकाणी भिंतीत शिरतात त्या टोकांशी वाळवीची माती दिसते का तेही पाहा. अनुभवी सुतार सोबत न्या. तो पेचकसाचं टोक टोचून पाच मिनिटांत सांगतो.

छताचं मात्र नीट ठरवून घ्या. तुमच्या लहानपणी मालकीणबाई मे महिन्यात माणसं लावून शाकारणी करून घ्यायच्या, फुटके नळे बदलायच्या, मधले झाडून पुन्हा बसवायच्या. खर्च त्यांचा. आता छत कोणाचं? सहाही जणांचं सामाईक, की ज्याच्या डोक्यावर त्याचं? गळलं तर तळमजल्यावरचा मालक वर्गणी देईल का? ह्याचं उत्तर करारात नसेल तर जुलैतल्या एखाद्या रात्री परातीत टपटप पडणाऱ्या पाण्याशेजारी बसून ते शोधावं लागतं.

कागदांचं आता. गोव्यात जुनं घर म्हणजे जुनं कुटुंब, आणि जुनं कुटुंब म्हणजे लिस्बनपासून टोरांटोपर्यंत विखुरलेले वारस. आपल्याकडे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली, आणि वारसाहक्काचं बरंचसं आता २०१२च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आलं आहे, जो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. मुलीला मुलाइतकाच वाटा. मृत्युपत्र करूनही निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच राहते. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून विक्रीला जोडीदाराचीही सही लागते. ह्या सगळ्याचा हिशेब लावला तर सात भावंडांच्या घराला चौदा सह्या लागू शकतात, आणि त्यांतली तेरावी कधी कधी परदेशातल्या एका म्हातारीची असते, जिला पत्रांची उत्तरं द्यायला आवडत नाही. मालकीणबाईंच्या पश्चात इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणी) झाली का, की वारसा लेख (नोटरीकडचा वारसांचा दस्त) करून काम भागवलं, आणि त्यात सगळे आले का, हे पाहायला मळ्यातल्या जुन्या घरांची सवय असलेला वकील गाठा. फॉर्म डी वर, म्हणजे शहर भूमापनाच्या उताऱ्यावर, चलता क्रमांकासमोर (मिळकतीच्या नंबरासमोर) कोणाचं नाव आहे बघा. परदेशातून आलेली मुखत्यारपत्रं असतील तर ती विक्रीच्या तारखेला जिवंत होती का तेही. शिवाय १९६८च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचा एखादा जुना भाडेकरू कागदावर अजून शिल्लक आहे का. (तुमच्या खोल्यांचे तुम्हीच होता. बाबांनी किल्ली परत केल्याचा कागद घेतला होता का हो?)

घर संवर्धन क्षेत्रात असणार, त्यामुळे बाहेरच्या भिंतीचं रूप, सज्जे, खिडक्या ह्यांत मनासारखा बदल करता येणार नाही. परवानग्या लागतात, संवर्धन समितीकडे जावं लागतं. मला हे योग्यच वाटतं. पण ग्रिल, वाळत घालायची दोरी, एसीचं यंत्र कुठे बसवायचं, ह्या रोजच्या गोष्टींवरही त्याचा परिणाम होतो. आणि तुम्ही माहितीपत्राबरोबर जी सोसायटीच्या नियमांची दोन पानं जोडली आहेत ती तुम्ही वाचलीत का, मला शंका आहे. कलम अकरा: ‘मूळ लाकडी तुळयांना खिळे, हूक किंवा तत्सम काहीही मारण्यास मनाई.’

ताई, माटोळी पुन्हा बांबूवरच.

नियम चुकीचा आहे असं नाही. शंभर वर्षांच्या तुळईला कोणीही उठून भोक पाडू नये. पण मालकीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा वाचायला तुम्ही आयुष्यभराची पुंजी देणार असाल तर ते आधी माहीत असलेलं बरं. विकणाऱ्याला आत्ताच विचारा: चवथीचे दिवस तुळईला दोरीने, खिळा न मारता, चौकट बांधू द्याल का? तसं लेखी द्याल का? तो काय म्हणतो यावरून त्या सहा घरांत कुठल्या तऱ्हेची माणसं येतील असं त्याला वाटतंय ते कळेल.

कारण शेजार हा मला ह्या सगळ्यातला नाजूक भाग वाटतो. तुमच्या आठवणीतल्या घरात चार बिऱ्हाडं, एक विहीर, मागे एक संडास, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यावरच कळायचं. तुम्ही लिहिता, खालच्या आंटी नाताळात नेवऱ्या पाठवायच्या आणि तुमची आई चवथीला. आता त्या रस्त्यावर सकाळी आठपासून लोक फोटो काढायला येतात, लग्नाआधीचे जोडप्यांचे फोटो, पिवळ्या भिंतीसमोर, निळ्या दारासमोर. रहिवाशांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. सहांपैकी किती लॉफ्ट राहायला घेतले आहेत आणि किती पर्यटकांना दिवसावर द्यायला? दिवसावर द्यायचे तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२चा कायदा आहे तसा. पण नोंदणी असली म्हणून शनिवारी रात्री दोन वाजता चाकांची बॅग लाकडी जिन्यावरून वर ओढल्याचा आवाज कमी होत नाही. पार्किंगचं तर नावच नको.

चांगलं काहीच नाही का? आहे ना. पत्तोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तुम्ही खाडीवरचा पूल ओलांडून पायी जाल. मारुतीच्या देवळाची घंटा पुन्हा कानावर पडेल. बांबोळीचं इस्पितळ फोंड्याहून जितकं लांब त्यापेक्षा खूपच जवळ, आणि साठीनंतर हे छोटं नव्हे. मळ्यात अजून चालत जगता येतं, गोव्यात हे किती ठिकाणी उरलंय?

आता तुमचे मिस्टर. तुम्ही लिहिलंय, ‘ह्यांना भावनाच नाहीत’. मला तर त्यांच्या एका वाक्यात भावनांपेक्षा गुडघा दिसला. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने बाहेरचा जिना चढायचा, मग घरातला जिना चढून झोपायला जायचं, आणि रात्री दोनदा लघवीला खाली यायचं, कारण आराखड्यात वरती न्हाणीघर नाही. दुसरा गुडघाही कधीतरी बोलेल. शिवाय तुमचाही आहेच. हे त्यांचं म्हणणं तुम्ही अडथळा म्हणून ऐकलंत. एकदा माहिती म्हणून ऐका.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक असेलच पण पत्रात नाही. तुमच्या लग्नाची नोंदणी गोव्यात झाली असेल आणि तुम्ही वेगळा करार केला नसेल, तर फोंड्याचा फ्लॅट निम्मा त्यांचा आहे, नाव कोणाचंही असो. त्यांच्या सहीशिवाय तो विकता येणार नाही. लॉफ्ट घेतलात तर तोही निम्मा त्यांचा. तेव्हा ‘पटवणं’ हा शब्द सोडून द्या, अर्ध्या मालकाला कोणी पटवत नाही, त्याच्याशी बसून बोलतात. आणि बोलताना लॉफ्टपासून सुरुवात करू नका. बांबूपासून करा. पस्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांना ती गोष्ट कधी सांगितली आहे का? पत्रावरून वाटतं, नाही. त्यांना फक्त किंमत आणि जिना माहीत आहे, मग ते किंमत आणि जिन्याबद्दलच बोलणार.

मुलीच्या आक्षेपावर मी थोडक्यात बोलते. तिचा प्रश्न खरा आहे, शेवटचे भाडेकरू कसे गेले ते विचारा, पैसे घेऊन राजीखुशीने की वीज-पाणी तोडून. मळ्यात ते कळायला वेळ लागत नाही. पण वारसांच्या भांडणात छप्पर आत कोसळलेली, आत पिंपळ वाढलेली घरं मी पणजीत बघितली आहेत, आणि त्यापेक्षा आत दिवा लागलेलं घर मला बरं वाटतं, दिवा महागड्या झुंबराचा असला तरी. ह्यावर तिचं-माझं जमणार नाही कदाचित. मात्र कर्ज तिच्या नावावर घ्यायचं असेल तर तिचं मत हे नुसतं मत राहत नाही, हे लक्षात ठेवा.

पैशाबद्दल माझं मत सरळ आहे: फोंड्याचा फ्लॅट विकू नका. निदान आत्ता नाही. साठीनंतर राहतं घर आणि सगळी पुंजी एकाच जुन्या छपराखाली घालणं मला मान्य नाही, ते छप्पर कितीही लाडकं असो. असे लॉफ्ट विकत घेणारे मोजके असतात. उद्या औषधपाण्याला पैसे लागले तर फोंड्याच्या दोन खोल्यांना दोन महिन्यांत गिऱ्हाईक मिळेल, न्हाणीघरांच्या टाइल्स इटलीहून आणलेल्या घरातल्या एका माळ्याला मिळेलच असं नाही.

मग करायचं काय? भाड्याने राहा. विनोद करत नाही. सहांपैकी दोन विकले गेलेले नाहीत असं तुम्हीच लिहिलंय, आणि पावसाळ्यात विकणाऱ्यालाही रिकामं घर बंद ठेवणं नको असतं, बुरशी येते. जूनपासून चवथ होईपर्यंत तीन महिन्यांसाठी मागून बघा. लिव्ह अँड लायसन्सचा कागद करून, रीतसर. तोच लॉफ्ट नाही मिळाला तर त्याच गल्लीतली वरच्या मजल्याची कुठलीही जागा चालेल. फोंड्याचं घर कुलूप लावून ठेवा, शेजारणीला तुळशीला पाणी घालायला सांगा. मिस्टरांना सांगा, आपण राहायला नाही, पावसाळा काढायला चाललोय. त्यांचे सकाळचे चहाचे मित्र फोंड्याला आहेत, तर आठवड्यातून दोनदा त्यांना कदंबाच्या बसने जाऊ द्या, तीसेक किलोमीटर तर आहे.

त्या तीन महिन्यांत वर सांगितलेली अर्धी उत्तरं आपोआप मिळतील. नळ्यांवर रात्रभर पाऊस पडतो तेव्हा झोप लागते की उडते, भिंतीला कुठे हात गार लागतो, जिना कितव्या दिवशी कंटाळवाणा होतो, शेजारी कोण असतं. आणि बाकीची उत्तरं तुमची तुम्हाला. खिडकीच्या कोनाड्यात बसल्यावर तुम्हाला तेरा वर्षांची मुलगी भेटते की एकसष्ट वर्षांची बाई, जिला पाठीला उशी लागते, हे मी इथून कसं सांगू? राहून झाल्यावरही घ्यावंसं वाटलं, मिस्टर जिन्याशी जुळले, वकील आणि सुतार दोघांनी मान डोलावली, तर पुन्हा लिहा. मी तेव्हा तुम्हाला अडवणार नाही. भाड्याने राहूनच मन भरलं तर दर पावसाळ्यात तीन महिने मळ्यात काढायला काय हरकत आहे? बाबांनीही त्याच अटींवर तेरा वर्षं काढली, आणि तुमच्याच पत्रावरून ती बरी गेली.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या खोलीतली शिंपल्यांची खिडकी आता तिथं नाही, काच बसवली आहे, आणि जुन्या खिडकीचं एक दार खाली प्रवेशाशी चौकटीत घालून, वर दिवा सोडून, भिंतीवर टांगलंय. ते बघून तुम्हाला रडू आलं. त्या दाराची किंमत विचारलीत का? घर पाडताना, सुधारताना अशी दारं निघतात, काही जुन्या सामानाच्या दुकानांत जातात, काही मागच्या अंगणात पावसात पडून राहतात. एक टांगलंय म्हणजे बाकीची कुठेतरी रचून ठेवलेली असणार. देखरेख करणाऱ्या मिस्त्रीला विचारा, मालकाला नको. फोंड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीला ते सहज बसेल, आणि तिथल्या छताला हूक मारायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

फक्त घेण्याआधी तिसरी रांग तपासा. चेंडूने तुम्ही फोडलेली आणि बाबांनी बदलून बसवलेली ती शिंप जरा पिवळट होती म्हणता.